आलेख कोरा का राहतो?

जबलपूरच्या नेपियर टाउनमधील एखादे मध्यम आकाराचे कार्यालय डोळ्यांपुढे आणावे. तेथील संगणकजाळ्यावर देखरेख ठेवणारा कर्मचारी सकाळी पडदा उघडून पाहतो, तो काल दुपारपासून संदेशवाहतुकीचा आलेख कोरा! पत्रव्यवहार तर अखंड चालू होता; कोणाची तक्रारही नाही. मग थांबले काय, वाहतूक की तिची मोजणी?

वाहतूक मोजण्याची विद्या या शहराला नवी नाही. दूरसंचार कर्मचाऱ्यांना शिक्षण देणारी येथील संस्था १९४२ सालची. आज ती डॉ. आंबेडकरांचे नाव धारण करते. एका वेळी किती संभाषणे चालतील याचे गणित डेन्मार्कच्या एर्लांगने १९०९ पासून मांडले, तेही मोजणीच्याच आधारावर. आज संभाषणांच्या जागी बाइट आले, इतकेच.

राउटरच्या प्रत्येक दाराशी एक गणक असतो. घरातील विजेच्या मीटरप्रमाणे तो केवळ पुढे सरकत राहतो. देखरेखीची प्रणाली दर पाच मिनिटांनी, १९८८ साली ठरलेल्या एसएनएमपी नावाच्या संकेतानुसार, त्याचा आकडा विचारते व मागचा आकडा वजा करून वेग काढते. मीटर वाचणारा आला नाही म्हणून वीज जळावयाची थांबत नाही. तो पुन्हा आला म्हणजे मधल्या काळाची बेरीज हाती लागते. कोणत्या तासाला किती, एवढेच हरवते. मात्र मध्यंतरी राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला असेल, तर गणक शून्यापासून निघतो आणि बेरीजही जाते.

म्हणून जाणता माणूस प्रथम प्रणालीच्या मांडणीला हात लावीत नाही. ज्या संगणकावर ती चालते, तेथूनच तो राउटरला हाताने प्रश्न विचारतो. उत्तर आलेच नाही, तर परवलीचा शब्द बदललेला असतो, विचारणाऱ्याचा पत्ता परवानगीच्या यादीत नसतो, किंवा मधल्या संरक्षक भिंतीने १६१ क्रमांकाचे द्वार बंद केलेले असते. उत्तर आले आणि आकडाही वाढत असला, तर दोष अलीकडचा. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर त्याच्या दारांचे क्रमांक कधी कधी बदलतात. प्रणाली बिचारी जुन्याच क्रमांकाचे दार ठोठावीत बसते.

याहून फसवा प्रकार म्हणजे आलेख भरलेला असूनही खोटा असणे. जुना गणक बत्तीस बिटांचा. ४,२९,४९,६७,२९६ ही संख्या गाठताच तो पुन्हा शून्यावर येतो. सेकंदाला एक कोटी बिट वाहणाऱ्या तारेवर या फेऱ्यास सुमारे सत्तावन्न मिनिटे लागतात. शंभर कोटी वाहणाऱ्या तारेवर अवघे चौतीस सेकंद! पाच मिनिटांत आठाहून अधिक फेरे होतात आणि प्रणाली एकही मोजत नाही. तार तुडुंब भरली तरी आलेख सुमारे साडेअकरा कोटींच्या वर चढत नाही, आणि तो पाहून वरिष्ठ म्हणतात, ‘तार तर रिकामीच आहे, मोठी कशास हवी?’ उपाय चौसष्ट बिटांच्या गणकाचा. त्याच वेगाने त्याचा एक फेरा पुरा होण्यास साडेचार हजारांहून अधिक वर्षे लागतील. पण एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीला हा गणक वाचता येत नाही. दुसरी आवृत्ती निवडावी लागते.

कोण कोणाशी बोलले याचा तपशील राउटर स्वतःहून पाठवतो, त्याची गोष्ट निराळी. ती साध्या टपालातील कार्डे होत. वाटेत गहाळ झाली की गेली. राउटरचे घड्याळ चुकीचे असेल तर आलेली नोंदही भलत्याच तारखेखाली जाऊन पडते आणि शोधणाऱ्यास सापडत नाही.

उरला प्रश्न कोऱ्या जागेचा. टोबियस ओटिकरने १९९५ च्या सुमारास रचलेली एमआरटीजी ही प्रणाली उत्तर न मिळाल्यास शेवटचाच आकडा पुन्हा मांडते. सांगितल्यास शून्य मांडते. दोन्ही असत्यच. शून्यामुळे सरासरी उतरते, पुनरुक्तीमुळे मुळात नसलेली वाहतूक दिसते. त्याच गृहस्थाने १९९९ साली आणलेल्या आरआरडीटूलमध्ये मात्र ‘अज्ञात’ अशी निराळी नोंद आहे आणि ती सरासरीत धरली जात नाही. नेपियर टाउनच्या त्या कर्मचाऱ्याने मासिक अहवालात कालच्या दुपारपासूनच्या तासांपुढे शून्य न लिहिता ‘मोजणी नाही’ असे लिहावे, आणि मोठ्या तारेची मागणी उरलेल्या तासांच्या सरासरीवर करावी.