कोलकात्याहून विष्णुपूर: मुक्काम गाडीतच

विष्णुपूरच्या दलमादल तोफेसमोर मराठी माणसाने जरा वेळ थांबायलाच हवे. सुमारे साडेबारा फूट लांबीची ही लोखंडी तोफ १७४२ मध्ये आपल्याच फौजांवर डागली गेली, असे गाव सांगते. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर तेव्हा मल्ल राजांच्या या राजधानीवर चालून आले होते. राजा गोपालसिंहाने प्रजेला नामसंकीर्तनाला बसवले आणि कुलदैवत मदनमोहनाने स्वतःच्या हाताने तोफेला बत्ती दिली, ही कथा इथे आजही श्रद्धेने ऐकवतात. त्याच साली धास्तावलेल्या कलकत्त्याने शहराभोवती खंदक खणायला घेतला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ अजून आहे. बंगालच्या अंगाईगीतात बर्गी, म्हणजे लुटारू मराठे स्वार, शिरले ते याच स्वाऱ्यांमुळे. मराठी पाहुण्याने ही लुटीची आठवण ठाऊक असूनच तिथे जावे.

बांकुरा जिल्ह्यातले हे गाव आरामबागमार्गे कोलकात्याहून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. एका दिवसात जाऊन येता येते, पण तशी घाई करू नये.

इथली नावाजलेली देवळे विटांची, त्यावर भाजलेल्या मातीची शिल्पे. बंगालच्या गाळाच्या भूमीत बांधकामाचा दगड दुर्मीळ, म्हणून कारागिरांनी माती हाताशी धरली आणि छपरांना गावातल्या शाकारलेल्या झोपडीसारखा बाक दिला. १६४३ चे पाच शिखरांचे श्यामराय आणि १६५५ चे जोडबांगला ही दोन देवळे तर तळापासून माथ्यापर्यंत कोरीव फरशांनी मढलेली आहेत. शरपंजरी पडलेले भीष्म, शिकारी, जहाजे, रासलीला! दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात हे उठाव सपाट दिसतात; सकाळी आणि उतरत्या उन्हात सावल्या पडल्या की एकेक आकृती सुटी होते. झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली स्वतःची मोटरहोम घेऊन फिरणाऱ्याला या दोन्ही वेळा सहज साधतात.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून अशी गाडी आपल्याकडेही ओळखीची होऊ लागली आहे. मात्र जुन्या गावात ती जपूनच न्यावी लागते. बोळ अरुंद, वर विजेच्या तारा, कोपऱ्यावर वळायला जागा नाही. गाडी गावाबाहेर लावायची आणि पुढे पायी किंवा टोटोने, म्हणजे बॅटरीच्या रिक्षाने, जायचे हे उत्तम. एखाद्या हॉटेलच्या आवारात विचारून रात्रीची जागा, पाणी आणि विजेची जोडणी ठरवून घ्यावी. वाटेतल्या जयपूरच्या सालवनात सावली सुंदर असली, तरी तिथे रात्र काढू नये. या भागात हत्तींचा वावर असतो. सांडपाण्याची टाकी तलावाकाठी मोकळी करणे तर अक्षम्यच. लालबांधसारखे तलाव मल्ल राजांनी पाण्यासाठी खोदून घेतले आणि गावाला ते आजही मोलाचे आहेत.

फिरण्याची सुरुवात १६०० च्या सुमारास मल्ल राजा वीर हंबीराने बांधलेल्या रासमंचापासून करावी. जांभ्या दगडाच्या चौथऱ्यावरची ही पिरॅमिडसारखी वास्तू देऊळ नव्हे. रासोत्सवात गावभरच्या राधाकृष्णाच्या मूर्ती इथे एकत्र मांडत. मदनमोहनाचे १६९४ चे देऊळ मात्र वेगळी हुरहूर लावते. मल्ल घराण्याला उतरती कळा लागल्यावर राजा चैतन्यसिंहाने कर्जापायी देवाची मूर्तीच कोलकात्याच्या गोकुळ मित्रांकडे गहाण ठेवली, अशी आख्यायिका आहे. बागबाजारजवळ त्या मदनमोहनाचे मंदिर आहे. निघण्यापूर्वी ते पाहिलेले असले, तर विष्णुपूरच्या गाभाऱ्यात उभे राहताना ही गोष्ट अधिक भिडते.

दुसरा दिवस कारागिरांसाठी ठेवावा. बालुचरी साडीच्या पदरावर पुराणातले प्रसंग विणताना पाहावेत, आणि पत्ते रंगवणाऱ्या फौजदार मंडळींच्या घरी दशावतार ताश पाहायला मागून घ्यावेत. चिंचोक्याच्या खळीने कापडाचे थर चिकटवून केलेले हे १२० गोल पत्ते, दर अवताराचे बारा. सावंतवाडीची गंजिफा हाताळलेल्याला मत्स्य, कूर्म, वराह लगेच ओळखू येतील. दोन्ही संच शेजारी ठेवून रंग आणि रेषा ताडून पाहण्यात एक अख्खी दुपार सहज जाते.