ग्रीनच्या काठावर चुकणारे फटके : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चाकण, तळेगाव आणि भोसरीच्या कारखान्यांत सहा दिवस मिलिमीटरच्या शतांशाचा हिशेब ठेवणारे जे अभियंते, व्यवस्थापक आणि लहानमोठे कारखानदार रविवारी पहाटे लवळ्याच्या ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टकडे, येरवड्याच्या पूना क्लबच्या मैदानाकडे किंवा, लष्कराशी संबंध असल्यास, दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारातील मैदानाकडे गाडी वळवतात, त्यांच्यापैकी पुष्कळांचा अनुभव एकसारखा असतो : 200 यार्डांचा फटका सुरेख बसतो, आणि ग्रीनपासून वीस पावलांवर येऊन ठेपल्यावर, जिथे बळाची काहीच आवश्यकता उरलेली नसते तिथे, चेंडू एक तर दोन हात सरकून थांबतो, नाही तर गवताला घासत ग्रीन ओलांडून पलीकडच्या वाळूत जाऊन पडतो. शेजारी उभ्या असलेल्या कॅडीचे निदानही ठरलेले असते : “साहेब, डोकं वर आलं.” हे निदान सद्भावनेने केलेले असते आणि फार दिवसांपासून चालत आलेले असते, पण ते बहुधा अपुरे असते, आणि त्यावर बेतलेले उपाय मूळ दोष वाढवतात, म्हणून या विषयात रूढ झालेल्या समजुतींची एकदा शांतपणे छाननी होणे मला अगत्याचे वाटते.

ग्रीनच्या काठावरून चेंडू थोडासा उडवून पुष्कळ घरंगळू देणे ही चिप, आणि जरा अधिक अंतरावरून तो उंच उडवून थोडाच घरंगळू देणे ही पिच. दोहोंतही कसूर दोन रूपांनी प्रकट होते. क्लब चेंडूच्या आधीच जमिनीत रुतला तर फटका ‘फॅट’ झाला म्हणतात, आणि क्लबची खालची धार चेंडूच्या मध्यावर आदळली तर ‘थिन’. हे दोन दोष परस्परविरुद्ध आहेत, आणि म्हणून एकावरचा उपाय दुसऱ्याच्या उलट असला पाहिजे, हा पहिला आणि सर्वांत व्यापक गैरसमज. क्लब एकदा रुतला की पुढच्या वेळी खेळाडू तो किंचित वर धरतो, चेंडू वरच्या भागात लागून पळाला की त्यापुढच्या वेळी खाली दाबतो, आणि एकाच सकाळी दोन्ही व्याधी आळीपाळीने भोगतो. वस्तुस्थिती अशी आहे की दोहोंचे मूळ एकच आहे : स्विंगच्या कमानीचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडणे. त्या बिंदूपाशी क्लब जमिनीला भिडला तर फॅट, न भिडता तिथून वर चढू लागला तर थिन.

हा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. नियमाप्रमाणे चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटरहून कमी असता कामा नये, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून सुमारे 21 मिलिमीटर उंचीवर असतो. खांद्यापासून क्लबच्या टोकापर्यंतची त्रिज्या दीड मीटर धरली आणि कमानीचा तळ चेंडूच्या 20 सेंटिमीटर मागे पडला असे मानले, तर चेंडूपाशी पोचेपर्यंत क्लब सुमारे 13 मिलिमीटर वर चढलेला असतो. फटका उत्तम नव्हे, पण धार अद्याप मध्याच्या खाली असल्यामुळे चेंडू निदान हवेत जातो. परंतु त्याच क्षणी हात थांबले, मनगटे मोडली आणि एकटा क्लबच पुढे फिरला, तर त्रिज्या उरते केवळ क्लबच्या लांबीएवढी, म्हणजे सुमारे 90 सेंटिमीटर, आणि तेवढ्याच अंतरात चढण होते 22 मिलिमीटरांची. धार नेमकी चेंडूच्या मध्यावर येते. खरा स्विंग तिरप्या पातळीत फिरत असल्याने हे आकडे ढोबळच समजावेत. तथापि मनगट मोडण्याची किंमत किती मोठी आहे हे त्यांवरून स्पष्ट दिसते.

मनगटे मोडतात ती चेंडू उचलण्याच्या इच्छेने. चेंडूला आपण काही मदत केल्याखेरीज तो उंच जाणार नाही, ही समजूत इतकी स्वाभाविक आहे की ती बुद्धीला पटली नाही तरी हातांना पटते. वस्तुतः उचलण्याचे काम क्लब घडवणाऱ्याने आधीच करून ठेवलेले असते : पिचिंग वेजचा फेस साधारण 44 ते 48 अंशांनी आणि सँड वेजचा 54 ते 58 अंशांनी मागे कललेला असतो. शिवाय चेंडू आणि फेस यांचा संपर्क एका सेकंदाच्या सहस्रांशाहूनही कमी काळ टिकतो, आणि सेकंदाला दहा मीटर वेगाने चाललेला क्लब तेवढ्यात एक सेंटिमीटरही पुढे जात नाही. एवढ्या अवकाशात हातांनी जाणूनबुजून काही करणे मनुष्यास शक्य नाही. जे करायचे ते संपर्कापूर्वीच झालेले असते.

आता डोक्याविषयी. चेंडू उचलू पाहणारा खेळाडू नकळत मागच्या पायावर रेलतो आणि त्याची छाती वर येते. छातीबरोबर डोके वर येते, आणि पाहणाऱ्याला तेवढेच दिसते. म्हणजे डोके वर येणे हे बहुतेक वेळा कारण नसून परिणाम असतो. उलटपक्षी ‘डोके खाली’ हा हुकूम जो तंतोतंत पाळतो, त्याची हनुवटी छातीला जखडली जाऊन खांदे फिरायचे थांबतात, खांदे थांबले की हात थांबतात, आणि मग मनगटांना मोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. ॲनिका सोरेनस्टॅम आणि डेव्हिड डुव्हाल हे दोघेही एके काळी जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी होते, आणि दोघांचेही डोके फटक्याच्या क्षणी चेंडूवर खिळून न राहता लक्ष्याकडे वळत असे. जपायचे ते डोके नव्हे, तर उरोस्थीचे स्थान : ती प्रारंभापासून चेंडूच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असावी, निम्म्याहून थोडा अधिक भार पुढच्या पायावर असावा, आणि तो शेवटपर्यंत तिथेच राहावा. एवढी तजवीज केली की कमानीचा तळ आपोआप चेंडूपाशी किंवा त्याच्या पुढे येतो.

याच्या विरुद्ध टोकाचा गैरसमज थोड्या जाणकार खेळाडूंत आढळतो, आणि तो मला अधिक घातक वाटतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे. चेंडू पार मागच्या पायाशी ठेवावा, हात पुष्कळ पुढे ढकलावे आणि क्लब खाली ठेचावा, असा तो उपदेश. वेजच्या तळाची मागची कड धारेपेक्षा खाली उतरलेली असते. या उताराला बाउन्स म्हणतात, आणि क्लब रुतू न देता जमिनीवरून सरकवणे हे त्याचे काम. 56 अंशांच्या वेजला 10 अंश बाउन्स आहे असे धरा. दांडी 8 अंश पुढे झुकवली की फेस उरतो 48 अंशांचा आणि बाउन्स उरतो 2 अंश. सरकणारी वस्तू कुदळ होऊन बसते. जीन साराझेन यांनी आपल्या क्लबच्या तळाला मागच्या बाजूने धातूची भर घालून आधुनिक सँड वेजला रूप दिले आणि 1932 साली प्रिन्सेस मैदानावर ब्रिटिश ओपन जिंकली, त्या शोधाचे सारे मर्म या तळात होते. हात चेंडूच्या अगदी किंचित पुढे असावेत, इतकेच पुरे.

आपल्या भागात तर या तळाचे महत्त्व ऋतूगणिक बदलते. पावसाळ्यात बेसाल्टावरची काळी माती पाणी धरून फुगते आणि क्लबला गिळते, तेव्हा अधिक बाउन्सचा वेज आणि उभी दांडी तारून नेते. एप्रिल-मे महिन्यांत तीच जमीन टणक होते, तेव्हा रुंद तळ आपटून उसळण्याचा संभव असतो आणि कमी बाउन्सचा क्लब बरा पडतो. एकच वेज बाराही महिने चालवावा, हा समज म्हणूनच सोडून द्यावा. गवताचीही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. उष्ण प्रदेशांतील मैदानांवर सर्वत्र लावले जाणारे बर्म्युडा गवत म्हणजे, त्याच्या संकरित जाती वगळल्या तर, आपली हरळीच, जिच्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो. हिचे धुमारे जमिनीसरपट पसरतात आणि पात्यांना एक दिशा असते. पाती आपल्याकडे झुकलेली असतील, म्हणजे फटका त्यांच्या विरुद्ध जाणार असेल, तर ती धारेला अडकवतात. अशा जागी निष्णात खेळाडूचाही क्लब थबकतो, आणि तिथे हात पुढे ढकलून धार उघडी करणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय.

‘क्लबचा वेग वाढवत न्या’ हाही असाच एक दस्तूर. तो ऐकणारा मागे अगदी आखूड झोका घेतो आणि चेंडूपाशी येऊन एकदम झटका देतो. मनगटे पुन्हा मोडतात. अंतराचे नियमन झटक्याने न करता झोक्याच्या लांबीने करावे, आणि लय पुढे-मागे सारखी ठेवावी. उत्तम पिच खेळणाऱ्याचा क्लब चेंडूतून घाई न करता पार होतो, आणि फटक्यानंतर त्याची छाती लक्ष्याकडे वळलेली दिसते.

फेसवरील खाचा चेंडूला पकडून उलटी फिरकी देतात, म्हणून नवा वेज घेतला की फटके सुधारतील, असेही पुष्कळांना वाटते. फिरकी उत्पन्न होते ती फेसचा कल, क्लबची दिशा आणि घर्षण यांतून. खाचांचे मुख्य काम म्हणजे मधले पाणी आणि गवताचा रस वाहून नेणे. 2010 सालापासून अव्वल व्यावसायिक स्पर्धांत खाचांच्या आकारमानावर आणि कडांच्या तीक्ष्णतेवर निर्बंध आले, ते दाट गवतातूनही फार फिरकी मिळू लागली होती म्हणून. जुलैच्या ओल्या गवतातून चेंडू फेसवर घसरून अधिक उंच निघतो, कमी फिरतो आणि अधिक पळतो. त्या दिवशी नवा क्लब फारसे साह्य करत नाही, कोरडे फडके मात्र करते.

शँकविषयी थोडक्यात. चेंडू काटकोनात उजवीकडे पळाला की मन खचते आणि तो मनाचाच दोष मानला जातो. परंतु ती निव्वळ भूमिती आहे. दांडी जिथे फेसला जुळते त्या गोल भागावर चेंडू लागलेला असतो, आणि बहुधा भार बोटांवर गेल्याने क्लब दोन बोटे पुढे सरकलेला असतो. भार तळपायाच्या मध्यावर आणावा.

हे सारे खरे की नाही हे ज्याने त्याने पडताळून पाहावे. कारखान्यात दोन पृष्ठभाग कुठे टेकतात हे पाहण्यासाठी जसा प्रशियन ब्लू लावतात, तशी फेसवर कोरड्या खडूची पूड किंवा पावडर भुरभुरली की चेंडू कुठे लागला याचा लेखी दाखला मिळतो. त्याहून महत्त्वाचा दाखला जमिनीचा : गवतावर चुन्याची रेघ ओढून, चेंडू न ठेवता, तिच्यावर स्विंग करावा आणि तळाचा ओरखडा रेघेवर किंवा तिच्यापुढे उमटतो की मागे, हे पाहावे. मागे उमटत असेल तर पकड, हनुवटी, क्लबची किंमत यांची चर्चा व्यर्थ आहे. आधी भार पुढे आणावा. नंतर चेंडूच्या वीतभर मागे घडी केलेला टॉवेल ठेवून, त्याला न शिवता फटके मारावेत.

शॉर्ट गेम सुधारला की सारा खेळ सुधारला, असेही मी म्हणणार नाही. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असंख्य फटक्यांचा हिशेब मांडून दाखवले की खेळाडूंच्या गुणसंख्येतील फरकाचा सुमारे दोनतृतीयांश भाग 100 यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो. परंतु लांबचा फटका वीस यार्डांनी वाढवण्यास जे शरीर आणि जी तालीम लागते, तिच्या मानाने रुतलेली चिप सुधारणे हे पन्नाशीच्या माणसालाही साधणारे काम आहे, आणि रुतलेली प्रत्येक चिप जवळजवळ एक अख्खा फटका बुडवते.

त्यातही सर्वांत सोपी सुधारणा क्लबच्या निवडीची आहे. जिथे मध्ये वाळू किंवा उंचवटा नाही तिथे 60 अंशांचा वेज काढण्याचे कारण नाही. फेस जितका कमी कललेला, तितका झोका आखूड आणि चुकीला वाव कमी. सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनवर एक जुना आडाखा उपयोगी पडतो : 12 मधून क्लबचा क्रमांक वजा करावा. 8 क्रमांकाच्या लोखंडी क्लबने चेंडू एक भाग हवेत जातो आणि चार भाग घरंगळतो. पिचिंग वेज 10 धरला तर एक भाग हवेत आणि दोन भाग जमिनीवर. ग्रीन चढती असेल तर 8 च्या जागी 7 घ्यावा, उतरती असेल तर 9, आणि चेंडू ग्रीनवर साधारण एक मीटर आत उतरेल असे पाहावे.