‘बाहेरचे बंद करा’ असे लिहिण्यापूर्वी : शहरी आहार व अष्ट आहारविधिविशेषायतने

अम्लपित्त, ग्रहणी, स्थौल्य, मधुमेह, त्वग्विकार; व्याधी कोणताही असो, आपल्या चिकित्सापत्रावर औषधांच्या खाली एक ओळ बहुधा ठरलेली असते : ‘बाहेरचे खाणे बंद.’ रुग्ण मान डोलावतो, पुडी घेतो आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी सहा वाजता स्थानकाबाहेरच्या गाडीपाशी उभा राहतो. पंधरा दिवसांनी लक्षणे तशीच असतात. वैद्यास वाटते, रुग्ण पथ्य पाळत नाही. रुग्णास वाटते, औषधाला गुण नाही. वस्तुतः दोघांच्याही हाती नसलेली एक गोष्ट मध्ये उभी असते, ती म्हणजे त्या रुग्णाची दिनचर्या.

‘घरचे ते पथ्य, बाहेरचे ते अपथ्य’ ही विभागणी शास्त्राची नव्हे. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराच्या हिताहिताची आठ कारणे सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. अन्न कोणाच्या चुलीवर शिजले हे त्यांत स्वतंत्र कारण नाही. या आठांच्या निकषावर मुंबईसारख्या शहरातील रोजचे जेवण व जाता-येता होणारे खाणे कसे पाहावे, हे मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नोकरदाराचा एक दिवस

एक प्रातिनिधिक दिनक्रम घेऊ. डोंबिवलीस राहणारा, फोर्टमधील कार्यालयात काम करणारा, पंचेचाळिशीचा गृहस्थ. सकाळी साडेसातची लोकल. डबा सहा वाजता भरलेला : तीन पोळ्या, सुकी भाजी, क्वचित वरण-भात. सकाळी चहा व दोन बिस्किटे. दुपारी एक वाजता डबा. सायंकाळी सहास कार्यालयाबाहेर वडापाव आणि कटिंग चहा. घरी पोहोचेपर्यंत साडेआठ. हातपाय धुऊन, दूरदर्शन संचासमोर साडेनऊस पूर्ण जेवण. अकरा वाजता झोप. तक्रार : छातीत जळजळ, सकाळी तोंड आंबट, पोट जड, मलप्रवृत्ती असमाधानकारक.

या दिवसात दोष वडापावाचा किती? दुपारी एक ते रात्री साडेनऊ हे अंतर साडेआठ तासांचे आहे. सहा वाजता लागणारी भूक खरी असते, ते जिव्हालौल्य नव्हे. ती मारून लोकलमध्ये उभे राहणे हे वेगधारणच होय. क्षुधेचा वेग धारणीय वेगांत येत नाही. त्या वेळी तळलेले गुरु अन्न पोटात जाते आणि ते पुरते पचण्याआधीच रात्रीचे भरपेट जेवण त्यावर पडते. यासच अध्यशन म्हणतात. त्यावर दीड तासात शय्या. म्हणजे अपथ्याचा मोठा वाटा घरच्या, प्रेमाने वाढलेल्या, साडेनऊच्या ताटात आहे.

आठ निकष, घरी आणि बाहेर

प्रकृती : मैदा, बेसन, बटाटा, पनीर ही द्रव्ये गुरु, मूग, लाह्या, जुना तांदूळ ही लघु. पाव व नूडल्स मैद्याचे असतात हे रुग्णास ठाऊक असते. परंतु घरी रोज रात्री होणारी उसळ किंवा छोले हेही मंदाग्नीस गुरुच, हे त्यास सांगावे लागते.

करण : संस्काराने गुण पालटतात. इडली वाफेवर शिजते, वडा तेलात. दोन्ही एकाच उपाहारगृहात मिळतात. माटुंग्याचे रामा नायक यांचे उडुपी भोजनगृह १९४२ पासूनचे. अशा दाक्षिणात्य खानावळींनी या शहरातील एकट्या नोकरदारास कित्येक दशके भात, सांबार, रसम व ताक वाढले. ते ‘बाहेरचे’ म्हणून त्याज्य ठरविणे अन्यायाचे होईल. याउलट पुनःपुन्हा तापविलेले तेल सर्वत्र घातक. अशा तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते वापरू नये, असा नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला. मात्र सणाला तळणीचे उरलेले तेल बरणीत गाळून ठेवून आठवडाभर फोडणीस वापरणे हे घरोघरी चालते, त्यावर कोणाचीही तपासणी नाही. शीतकपाटातील भाजी दोनदा गरम करणे हाही पुनरुष्ण अन्नाचाच प्रकार. रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करणे तर विशेष धोक्याचे. अशा भातात वाढणाऱ्या काही जिवाणूंचे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही.

संयोग : फळांचा मिल्कशेक विरुद्धाहार आहे हे आपण रुग्णास बजावतो, शिकरण आणि फ्रूट सॅलड मात्र घरचे म्हणून विचारायचे राहून जाते. रात्रीचा दहीभात हाही तसाच. चिरकारी त्वग्विकारात हे प्रश्न आवर्जून विचारावेत.

राशी : कुक्षीचे तीन भाग कल्पून एक घन अन्नास, एक द्रवास व एक दोषांच्या संचारास सोडावा, हे सर्वांस परिचित आहे. बाहेरची ‘अमर्याद थाळी’ या नियमाविरुद्ध आहेच. पण ‘अजून एक पोळी घ्या’ हा घरचा आग्रहही विरुद्धच. रुग्णास मात्रा समजावून देताना सर्वज्ञात माप हाती असलेले बरे. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक मूद भात व एक वाटी वरण असे ठरविले होते. बैठे काम करणाऱ्या मध्यमवयीन माणसाच्या एका वेळच्या जेवणाची कल्पना देण्यास हे माप सोपे आहे. प्रकृती, अग्नी व श्रम पाहून त्यात कमी-अधिक करावे.

देश : येथे बाहेरच्या खाण्याचा खरा धोका येतो. वर्षा ऋतूत अग्नी मंद असतो आणि पाणी दूषित. रुग्णास ‘गाडीवरचे काही नको’ असे सांगण्यापेक्षा नेमके सांगावे : समोर कढत शिजलेला पदार्थ त्यातल्या त्यात बरा, कच्ची चटणी, पाणीपुरीचे पाणी, चिरून ठेवलेली फळे, उसाच्या रसातील बर्फ हे चार महिने पूर्ण वर्ज्य. हे रुग्ण पाळतो, कारण ते पाळता येते.

काल : याचा विचार वर आलाच आहे. आठांपैकी शहरात सर्वाधिक बिघडलेले कारण हेच.

उपयोगसंस्था : उभ्याने, घाईत, बोलत, पडद्याकडे पाहत खाणे. स्थानकावर उभ्याने खाणारा आणि घरी दूरदर्शन पाहत जेवणारा, या दोघांत शास्त्रदृष्ट्या फारसा भेद नाही.

उपयोक्ता : खाणारा कोण, त्यास सात्म्य काय, अग्नी कसा. त्याच्या हातात किती पैसे आणि किती वेळ आहे, हेही वैद्याने यात धरले पाहिजे. बदलत्या पाळीत काम करणाऱ्या परिचारिकेस ‘सायंकाळी सातपूर्वी जेवा’ हे पथ्य लिहून देण्यात अर्थ नाही.

पथ्य कसे लिहावे

वरील गृहस्थास पथ्य पुढीलप्रमाणे देता येईल. सायंकाळी सहाचे खाणे बंद न करता त्याचेच लहान जेवण करावे : इडली, उपमा, मुगाचे धिरडे किंवा डब्यातील राखून ठेवलेली पोळी-भाजी. पावसाळ्यात व उन्हाळ्यात राखलेली भाजी खराब होते. तेव्हा लाह्यांचा चिवडा किंवा फुटाणे जवळ बाळगावेत. रात्रीचे जेवण निम्मे : मुगाची पातळ खिचडी, किंवा भाकरी व पालेभाजी, शक्यतो घरी पोहोचताच. त्यानंतर शतपावली. वडापाव खावासा वाटलाच तर आठवड्यातून एकदा, आणि त्या रात्री केवळ ताक-भात किंवा पेज. यात एकही पदार्थ दुर्मिळ नाही, आणि घरातील गृहिणीवर वेगळा स्वयंपाक पडत नाही. ज्या पथ्यासाठी घरात दोन चुली पेटवाव्या लागतात, ते महिनाभरही टिकत नाही.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. मधुमेही रुग्ण इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरविणाऱ्या आधुनिक गोळ्या घेत असेल, तर रात्रीचे जेवण निम्मे करणे वा लंघन सांगणे जिवावर बेतू शकते. अशा वेळी त्याच्या औषधाची वेळ व मात्रा प्रथम विचारावी आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच बदल करावा.

औषधालयाच्या गल्ल्यावर

पुष्कळ रुग्ण वैद्याकडे येण्याआधी औषधालयात जातात आणि पाचक चूर्णाची बाटली मागतात. तेथे दोन प्रश्न विचारले गेले तरी बरेच अनर्थ टळतील.

लवणभास्कर चूर्णात मूळ पाठानुसार चार लवणे मिळून सुमारे चाळीस टक्के भाग होतो. तीन ग्रॅम चूर्णातून एक ग्रॅमहून अधिक मीठ पोटात जाते. प्रौढाने दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, फरसाण खाणाऱ्याची ती मर्यादा आधीच ओलांडलेली असते. उच्च रक्तदाबाचा किंवा वृक्कविकाराचा रुग्ण असल्यास हे चूर्ण परस्पर देऊ नये.

अविपत्तिकर चूर्णात मूळ पाठाप्रमाणे निम्मा भाग शर्करा असते आणि सुमारे एक तृतीयांश निशोत्तर. मधुमेह्यास पहिली अडचण, तर महिनोन्‌महिने घेणाऱ्यास दुसरी. कारण निशोत्तर विरेचक आहे. जो ग्राहक दर महिन्यास हीच बाटली नेतो, त्यास औषधाची नव्हे तर तपासणीची गरज आहे, हे विक्रेत्याने ओळखावे.

तसेच चाळिशीनंतर नव्याने सुरू झालेली जळजळ, वजन घटणे, गिळण्यास त्रास, काळ्या रंगाचे मल, किंवा चालताना छातीत येणारा दाब व घाम, यांपैकी काहीही सांगणाऱ्या व्यक्तीस ‘काल बाहेर खाल्ले असेल’ म्हणून चूर्ण देणे धोक्याचे आहे. त्यास तत्काळ योग्य तपासणीसाठी पाठवावे; छातीत दाब व घाम असल्यास थेट रुग्णालयातच. बाहेरच्या खाण्यावर दोष टाकण्याच्या सवयीपायी हृद्‌रोग वा जठराचा अर्बुद दुर्लक्षित राहणे ही सर्वांत मोठी हानी होय.

उपसंहार

शहर आपल्या सांगण्याने थांबणार नाही. लोकलचे वेळापत्रक आणि कार्यालयाची वेळ वैद्याच्या हाती नाही. हाती आहेत ते आठ प्रश्न आणि ते विचारण्यास लागणारी पाच मिनिटे. प्रत्येक नव्या रुग्णाकडून मागील दोन दिवसांत काय, किती, कोठे आणि किती वाजता खाल्ले हे क्रमाने लिहून घ्यावे. त्यातील सर्वांत बिघडलेले एक कारण निवडून प्रथम तेवढेच सुधारावे. पुढील भेटीत दुसरे. ‘बाहेरचे बंद’ या ओळीच्या जागी एक वेळ, एक पदार्थ आणि एक मात्रा लिहिली गेली, तर खालचे पथ्य पाळले जाईल आणि वरच्या औषधासही यश येईल.