फ्रिजच्या मागची जाळी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

फ्रिज थंडी निर्माण करतो ही समजूत सार्वत्रिक आहे आणि त्याच्या देखभालीविषयीचे बहुतेक गैरसमज तिच्यातूनच उगवलेले दिसतात. वस्तुतः फ्रिज केवळ उष्णता एका जागेवरून उचलून दुसरीकडे टाकतो. ज्या नळ्यांमध्ये शीतक, म्हणजे बोलीभाषेतला ‘गॅस’, द्रवाचा वायू होताना आतली उष्णता शोषून घेतो त्यांना बाष्पक म्हणतात. तेथून निघालेला वायू कॉम्प्रेसर दाबतो, त्यामुळे तो तापतो आणि कंडेन्सरच्या नागमोडी नळ्यांमध्ये जातो. तेथे खोलीतल्या हवेला उष्णता देऊन तो पुन्हा द्रवरूप होतो आणि केशनलिका या अतिशय अरुंद नळीतून जाताना दाब उतरून बाष्पकाकडे परततो. कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या उष्णतेत अन्नातून काढलेली उष्णता असतेच, शिवाय कॉम्प्रेसरने खर्च केलेल्या विजेचीही भर पडलेली असते. म्हणून दार उघडे ठेवून स्वयंपाकघर गार करू पाहणाऱ्याच्या पदरी अखेर अधिक उकाडाच येतो.

प्रत्येक फ्रिजच्या मागे साफ करण्याजोगी जाळी असते, हा सर्वांत जास्त आढळणारा गैरसमज होय. जुन्या फ्रिजमध्ये आणि आजच्याही काही साध्या फ्रिजमध्ये पोलादी नळ्यांवर तारा जोडलेली काळी जाळी पाठीला उघडी असते. मात्र पाठ सपाट असलेल्या अनेक नव्या फ्रिजमध्ये या नळ्या बाजूच्या पत्र्यांच्या आतून चिकटवलेल्या असतात, त्यामुळे तेथे घासण्याजोगे काही नसते आणि तो पत्राच उष्णता बाहेर टाकण्याचे काम करतो. अशा फ्रिजच्या बाजू उन्हाळ्यात हाताला चांगल्याच गरम लागतात आणि नवा फ्रिज घेतलेले कुटुंब घाबरून दुरुस्ती करणाऱ्याला बोलावते. वास्तविक ती उष्णता यंत्र नीट चालल्याची खूण असते. या प्रकारात स्वच्छतेपेक्षा मोकळी जागा महत्त्वाची ठरते. दोन भिंतींच्या कोनाड्यात घट्ट बसवलेला किंवा दोन्ही बाजूंनी लोंबणारे कापडी आच्छादन घातलेला फ्रिज आपली उष्णता टाकू शकत नाही, म्हणून माहितीपुस्तिकेत सांगितलेले अंतर मागे, वर आणि बाजूंना सोडणे हीच त्याची खरी निगा आहे. तिसरा प्रकार विशेषतः अमेरिकी घडणीच्या मोठ्या फ्रिजमध्ये आढळतो: कंडेन्सर तळाशी असतो आणि पंखा त्याच्यावरून हवा ओढतो. ही हवा जमिनीलगतची असल्याने तिच्याबरोबर धूळ, केस आणि पाळीव प्राण्यांची लव आत जाऊन नळ्यांमधल्या फटी बुजतात. नियमित साफसफाईची गरज सर्वाधिक असते ती याच प्रकाराला.

धुळीने नेमके काय बिघडते, याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात: एका मताने जाळीवरची धूळ केवळ दिसायला वाईट, तर दुसऱ्या मताने ती झटकली की विजेचे बिल निम्म्यावर येते. दोन्ही मते चुकीची आहेत, हे साध्या गणिताने दाखवता येते. शीतकाला तेवढीच उष्णता हवेत सोडता यावी यासाठी धुळीच्या थराखालचा कंडेन्सर अधिक तापावा लागतो. बाष्पक उणे 25 अंश सेल्सिअसवर आणि कंडेन्सर 45 अंशांवर असेल, तर उष्णता 70 अंशांची चढण चढते. कंडेन्सर 55 अंशांवर गेला की ही चढण 80 अंशांची होते. आदर्श यंत्राला लागणारे काम या फरकाच्या प्रमाणात वाढत असल्याने ते सुमारे 14 टक्क्यांनी वाढेल आणि प्रत्यक्ष यंत्रात ही वाढ थोडी अधिकच असते. तथापि उघड्या जाळीवरचा पातळ धुळीचा थर तापमान एवढे क्वचितच वाढवतो. खरी हानी होते ती पंख्याच्या कंडेन्सरमधील वाटा बुजल्यावर, किंवा ओट्याजवळच्या फ्रिजवर फोडणीची तेलकट वाफ बसून तिच्यात धूळ रुतल्यावर. शिवाय सततच्या जादा दाबाने आणि उष्णतेने कॉम्प्रेसरचे आयुष्य घटते, आणि ही हानी बिलापेक्षा महाग पडते.

साफ करायचे म्हणून जाळीवर पाण्याचा फवारा मारणे धोक्याचे आहे, कारण खालीच कॉम्प्रेसरच्या विद्युत जोडण्या असतात. प्लग काढून, फ्रिज न कलंडवता सरळ पुढे ओढून, मऊ लांब ब्रशने वरून खाली धूळ झाडावी आणि शक्य असल्यास व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावी. तेलकट थरासाठी साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले फडके पुरते, मात्र नळ्या कोरड्या झाल्याशिवाय वीज जोडू नये. तारेची घासणी किंवा सुरी वापरू नये. ती काळा रंग खरवडते आणि कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत उघड्या पोलादाला गंज लागून नळीला छिद्र पडू शकते. हे काम वर्षातून एकदा-दोनदा पुरते, ओट्याशेजारी अधिक वेळा करावे.

‘गॅस दरवर्षी भरावा लागतो’ ही समजूत सर्वांत खर्चीक आहे. शीतकाचे मंडल कारखान्यातच बंद केलेले असते आणि शीतक वापराने संपत नाही; तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा निघून जाणारच. कॉम्प्रेसर थांबत नाही आणि गारवा पुरत नाही, ही लक्षणे बुजलेल्या कंडेन्सरचीही असतात, म्हणून गॅसचा खर्च मान्य करण्याआधी जाळी आणि पंखा पाहावा. आजच्या अनेक फ्रिजमध्ये आयसोब्युटेन हा ज्वलनशील शीतक असतो. त्याचे प्रमाण थोडे, काही दहा ग्रॅम, असले तरी त्याच्या नळ्यांवर ज्योत धरण्याचे काम प्रशिक्षित माणसावाचून कोणीही करू नये.

फ्रिज पुढे ओढलाच असेल, तर कॉम्प्रेसरवरच्या पाण्याच्या ट्रेकडेही लक्ष द्यावे. बर्फ वितळून आलेले पाणी कॉम्प्रेसरच्या उष्णतेने लगेच आटते असे मानले जाते, परंतु पावसाळ्यातील दमट हवेत ते अनेक दिवस साचून राहते आणि डेंगी पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यालगत अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात आणि भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन् महिने तग धरतात. त्यामुळे काढता येणारा ट्रे आठवड्यातून एकदा नुसता रिकामा न करता कडांसह घासून कोरडा करावा.