अर्धं शटर

दुकानं उघडायची की आजार रोखायचा, असा सरळ सामना कोरोनाकाळात रंगला. तो मुळातच चुकीचा होता.

‘सरकारने कुलूप लावलं, म्हणून धंदा बसला.’ निम्मंच खरं. शिकागोचे अर्थतज्ज्ञ ऑस्टन गुल्सबी आणि चॅड सिव्हर्सन यांनी २०२० साली मोबाइलच्या नोंदींवरून अमेरिकेतल्या दुकानांमधली वर्दळ तपासली. ती ६० टक्क्यांनी घटली होती. त्या ६० पैकी बंदीच्या खात्यावर जेमतेम ७ टाकता आले. बाकी गिऱ्हाईक भीतीनेच घरी बसलं होतं. सुरुवातीच्या त्या महिन्यांत डेन्मार्कने व्यवहार बंद केले, स्वीडनने बरेचसे चालू ठेवले. लोकांचा खर्च डेन्मार्कमध्ये २९ टक्के घटला, स्वीडनमध्ये २५. हा हिशेब आपल्याकडे जसाच्या तसा लावू नये. २४ मार्च २०२०च्या रात्री चार तासांच्या मुदतीवर देश बंद झाला, तेव्हा घरी बसायचं की नाही हे ठरवायची मुभा हातगाडीवाल्याला नव्हतीच.

‘उघडून आठ दिवस झाले, कुठे काय झालं?’ लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच दिवस, मग तपासणी, त्यानंतर कुणाला ऑक्सिजन लागला तर आणखी काही दिवस. आज केलेल्या ढिलाईचं बिल दोन-तीन आठवड्यांनी येतं.

‘रुग्ण वाढले की बंद, घटले की चालू.’ नुसते रुग्ण मोजून भागत नाही; तपासण्या कमी केल्या तरी तेही कमी दिसतात. म्हणून महाराष्ट्राने ७ जून २०२१पासून निर्बंधांचे पाच स्तर लावले, ते तपासण्यांमधलं बाधितांचं प्रमाण आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा पाहून. प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आणि खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या, तर पहिला स्तर, म्हणजे जवळपास सगळं खुलं. महिनाअखेरीस डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकाराच्या धास्तीने सगळेच जिल्हे किमान तिसऱ्या स्तरात गेले. प्रमाणही फक्त आरटीपीसीआर तपासण्यांवरून काढायचं ठरलं.

‘चारला दुकान बंद, म्हणजे गर्दी कमी.’ तिसऱ्या स्तरातली ही वेळ. पण दिवसभराचं गिऱ्हाईक तेवढ्याच तासांत कोंबलं की गर्दी दाटणारच. चारनंतरचा प्रकार तर आठवतच असेल: शटर कमरेपर्यंत खाली, बाहेर पाळतीवर एक पोऱ्या, आणि आत वाकून शिरलेली पाच-सहा माणसं, मास्क हनुवटीवर, साडीचा पदर उलगडून बघतायत. हा विषाणू कोंडलेल्या हवेत जास्त पसरतो. पंखा बंद, कारण आवाज बाहेर जायला नको.