जपून ठेवलेले पुरावे

इंग्लंडच्या सहलीत ऑक्सफर्डच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच दिवस येतो. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून गाडीने तासाभरात पोचायचे, कॉलेजांची प्रांगणे पाहायची, बोडलियन ग्रंथालयासमोर छायाचित्रे काढायची, जमले तर क्राइस्ट चर्चचे प्रसिद्ध भोजनगृह गाठायचे आणि संध्याकाळी परतायचे. या धावपळीत विद्यापीठाची संग्रहालये ‘वेळ उरला तर’ या यादीत जाऊन पडतात. खरे तर ऑक्सफर्ड समजून घ्यायचे असेल, तर क्रम उलटा हवा. विद्वान कुठे राहिले, जेवले आणि प्रार्थनेला बसले हे कॉलेजांच्या इमारतींतून कळते. पण ज्ञान तयार कसे होते, ते कुठे चुकते आणि कशाच्या आधारावर सुधारते, हे डोळ्यांनी पाहण्याची जागा संग्रहालयात आहे. विद्यापीठाने वस्तू जपल्या, त्या पुढच्या पिढ्यांना त्यांची पुन्हा तपासणी करता यावी म्हणून. पर्यटकाने ही एक गोष्ट मनाशी धरली, तर काचेच्या कपाटांतल्या निर्जीव वाटणाऱ्या वस्तूंचा अर्थच बदलतो.

या परंपरेची सुरुवात दोन माळ्यांपासून होते. जॉन ट्रेडस्कँट आणि त्याच नावाचा त्याचा मुलगा, दोघेही सतराव्या शतकातले नामांकित बागकाम-तज्ज्ञ. परदेशांतून रोपे आणता-आणता त्यांनी शंख, शस्त्रे, वस्त्रे, पक्षी, नाणी असे जे मिळेल ते जमवले आणि लंडनजवळच्या लँबेथ येथील घरात पैसे आकारून लोकांना दाखवले. या संग्रहाची छापील यादी 1656 साली निघाली. पुढे तो एलियास ॲशमोल या धनिक संग्राहकाकडे आला. धाकट्या ट्रेडस्कँटच्या विधवेने ॲशमोलच्या हक्काला आव्हान दिले होते, म्हणजे संग्रहाच्या मालकीचा वाद या कथेत पहिल्यापासून आहे. ॲशमोलने तो ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिला आणि 1683 साली ब्रॉड स्ट्रीटवर ब्रिटनमधले पहिले सार्वजनिक संग्रहालय उघडले. त्या इमारतीची रचना आजही बोलकी वाटते: वरच्या मजल्यावर संग्रह, मधल्या मजल्यावर व्याख्यानाची खोली आणि तळघरात रसायनशाळा. पाहणे, शिकवणे आणि तपासणे ही तिन्ही कामे एकाच छपराखाली चालावीत, अशी ती योजना होती. ॲशमोलियन संग्रहालय पुढे एकोणिसाव्या शतकात बोमाँट स्ट्रीटवरच्या भव्य वास्तूत गेले. मूळ इमारतीत आता विज्ञानाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे.

वस्तू जपल्याने काय साधते, हे दोन हाडांच्या कथेतून फार स्पष्ट होते. पुढे ॲशमोलियनचा पहिला अभिरक्षक झालेल्या रॉबर्ट प्लॉट याने 1677 साली ऑक्सफर्डशायरच्या निसर्गेतिहासावर ग्रंथ लिहिला. त्यात मांडीच्या एका प्रचंड हाडाच्या टोकाचे चित्र आहे. हे हाड रोमनांनी आणलेल्या हत्तीचे असेल काय, याचा विचार करून प्लॉटने शेवटी ते महाकाय माणसाचे ठरवले. त्या काळच्या माहितीत हा तर्क वेडगळ नव्हता. नामशेष सरपटणाऱ्या प्राण्यांची कल्पनाच तेव्हा कुणाला नव्हती. पुढे ते हाड हरवले. चित्रावरून ते डायनोसॉरचे, बहुधा मेगॅलोसॉरसचे असावे असे आज मानतात, पण खात्री करून घ्यायला हाडच उरलेले नाही. दुसरे हाड म्हणजे जवळच्याच स्टोन्सफील्डच्या खाणीतून आलेला खालचा जबडा. विद्यापीठात भूशास्त्र शिकवणाऱ्या विल्यम बकलंडने 1824 साली त्याच्यासह इतर हाडांचे वर्णन करून ‘मेगॅलोसॉरस’ हे नाव दिले. शास्त्रीय नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर. ‘डायनोसॉर’ हा वर्गच रिचर्ड ओवेनने त्यानंतर 1842 साली मांडला. बकलंडला मेगॅलोसॉरस एक अवाढव्य सरडा वाटला. पुढे चार पायांवर चालणारा अवजड प्राणी म्हणून त्याचे पुतळे उभारले गेले आणि नंतर तो दोन पायांवर चालणारा शिकारी होता हे मान्य झाले. अर्थ दोनदा बदलला, जबडा तोच राहिला. पार्क्स रोडवरच्या निसर्गेतिहास संग्रहालयात तो पाहता येतो. प्लॉटचे हाड आणि बकलंडचा जबडा यांच्यातला फरक बुद्धीचा नाही. एक वस्तू हरवली आणि दुसरी टिकली, एवढ्याने एक प्रश्न कायमचा अर्धवट राहिला आणि दुसरा पुढे जात राहिला.

याच संग्रहालयातला डोडो तर या विचाराचा सर्वांत भक्कम आधार आहे. मॉरिशस, म्हणजे जिथे आज मराठी पूर्वजांचे वंशज राहतात तेच बेट, हे या पक्ष्याचे एकमेव घर. सतराव्या शतकात तो नामशेष झाला. 1656 च्या यादीत ट्रेडस्कँटकडच्या डोडोची नोंद आहे आणि आकारामुळे तो उडू शकत नाही असेही तिथे नमूद केले आहे. पेंढा भरलेला तो पक्षी काळाच्या ओघात सडला. अठराव्या शतकाच्या मध्याला ॲशमोलियनने त्याचे डोके आणि एक पाय तेवढा राखला. डोडोच्या कातडीसारखा मऊ भाग आज जगात केवळ या अवशेषांवर उरला आहे. एवढ्याशा ऐवजाने किती प्रश्नांची उत्तरे दिली पाहा. एकोणिसाव्या शतकात ह्यू स्ट्रिकलंड आणि अलेक्झांडर मेलव्हिल यांनी डोक्याची चिकित्सा करून 1848 च्या आपल्या ग्रंथात डोडो हा कबुतरांच्या कुळातला असल्याचे सविस्तर दाखवले. 2002 साली याच अवशेषांतल्या डीएनएवरून कळले की त्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग आपल्या निकोबार बेटांच्या नावाने ओळखले जाणारे कबुतर आहे. हा डोडो लंडनमध्ये जिवंत आणला गेला होता आणि तिथेच मेला, अशी समजूत फार काळ चालत आली होती. 2018 साली कवटीचे त्रिमितीय स्कॅनिंग झाले आणि डोक्याच्या मागच्या भागात शिशाचे छर्रे सापडले. म्हणजे त्याला गोळी घातली होती. अवशेष राखणाऱ्यांना डीएनए ठाऊक नव्हता आणि स्कॅनिंगचे यंत्र तर कल्पनेपलीकडचे होते. पुढे कोणता प्रश्न विचारला जाईल हे माहीत नसताना वस्तू सांभाळणे, हा विद्यापीठाने भविष्याशी केलेला करारच म्हणावा लागेल.

या दृष्टीने पाहिले की इमारतसुद्धा पाठ्यपुस्तक होते. 1860 मध्ये उघडलेल्या निसर्गेतिहास संग्रहालयाच्या काचेच्या छपराखाली प्रांगणाभोवती जे खांब आहेत, त्यांतला प्रत्येक खांब ब्रिटनमधल्या वेगळ्या दगडाचा आहे आणि त्यावर दगडाचे नाव कोरले आहे. खांबांच्या माथ्यावरची पाने-फुले कोरताना कारागिरांपुढे खऱ्या वनस्पती ठेवलेल्या असत. त्याच वर्षी 30 जून रोजी येथे थॉमस हक्स्ली आणि बिशप विल्बरफोर्स यांच्यात डार्विनच्या सिद्धान्तावरून गाजलेली चकमक झाली. सृष्टिकर्त्याची थोरवी दाखवण्याच्या हेतूने बांधलेल्या वास्तूत उत्क्रांतीवर उघड वाद झाला, आणि वास्तूने दोन्ही पक्षांना जागा दिली. ब्रॉड स्ट्रीटवरच्या विज्ञानेतिहास संग्रहालयात एक फळा आहे. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी मे 1931 मधील ऑक्सफर्डच्या व्याख्यानात विश्वाच्या प्रसरणाची समीकरणे त्यावर लिहिली होती. कुणीतरी तो पुसू दिला नाही. त्या आकडेमोडीत चूक असल्याचे पुढे अभ्यासकांनी दाखवले. म्हणून फळ्याचे मोल घटत नाही, उलट वाढते. थोर माणसाचे कामही तपासता येते, कारण ते जागेवर आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, हे सारे अभ्यासकांसाठी ठीक; सुट्टीवर आलेल्या माणसाचा यात काय संबंध? इतिहास या आक्षेपाच्या बाजूने नाही. 1710 साली आलेल्या उफनबाख या जर्मन विद्वान प्रवाशाने तक्रार नोंदवली आहे, ती नेमकी बाजाराच्या दिवशी ॲशमोलियनमध्ये खेड्यापाड्यांतले लोक आणि बायकाही शिरतात, याबद्दल. त्याला ते विद्यापीठाला न शोभणारे वाटले. आज तीच तक्रार या संस्थेची सर्वांत मोठी प्रशस्ती ठरते. सामान्य प्रेक्षक इथे सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळ येत आहे आणि विद्यापीठाच्या या संग्रहालयांत सर्वसाधारण प्रवेशाला पैसे पडत नाहीत. दुसरा आक्षेप वेळेचा. लंडनचे ब्रिटिश म्युझियम कितीतरी मोठे आहे, मग हे कशासाठी? भव्यतेची बरोबरी ऑक्सफर्डला करायची गरज नाही. इथे वस्तू आणि तिच्यावर काम करणारा विभाग एकाच गावात, बऱ्याचदा एकाच वास्तूत असतात. क्ष-किरणांच्या साहाय्याने महत्त्वाच्या जैवरासायनिक पदार्थांची रचना उलगडल्याबद्दल 1964 चे नोबेल मिळवणाऱ्या डोरोथी हॉजकिन यांनी आपले बरेचसे काम याच निसर्गेतिहास संग्रहालयाच्या इमारतीत केले. तिसरा आक्षेप आजच्या काळाचा: सगळे पडद्यावर दिसते, मग जायचे कशाला? प्लॉटच्या हाडाचे चित्र आपल्याकडे आहेच; उणीव आहे ती हाडाची. चित्रात चित्रकाराला महत्त्वाचे वाटले तेवढेच उतरते. वस्तूत मात्र पाहणाऱ्याला अजून न सुचलेलेही शिल्लक असते.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि भारतीय वाचकाने तो मांडलाच पाहिजे. यातल्या कितीतरी वस्तू साम्राज्याच्या जोरावर तिकडे गेल्या. त्या पाहायला पैसे खर्चून जाणे म्हणजे लुटीला दाद देणे नव्हे काय? निसर्गेतिहास संग्रहालयाच्या मागच्या बाजूने पिट रिव्हर्स संग्रहालयात प्रवेश केला की हा प्रश्न टाळता येत नाही. सैन्याधिकारी ऑगस्टस पिट रिव्हर्स यांनी दिलेल्या 25 हजारांहून अधिक वस्तूंवर ते 1884 साली उभे राहिले. वस्तू देशांनुसार न मांडता प्रकारांनुसार मांडण्याची त्यांची पद्धत होती: सगळ्या होड्या एकत्र, सगळी वाद्ये एकत्र. त्यामागे साध्या समाजांपासून ‘प्रगत’ समाजांपर्यंत चढती शिडी असते असा समज होता. तो समज मानववंशशास्त्राने केव्हाच टाकून दिला आहे. पण मांडणी बरीचशी तशीच राहिल्याने एका शतकाने जगाकडे कोणत्या नजरेने पाहिले, त्याचा ती आज पुरावा झाली आहे. 2020 साली संग्रहालयाने दक्षिण अमेरिकेतल्या शुआर आणि अचुआर समाजांशी संबंधित आकसवलेल्या शिरांसह 120 मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून घेतले. नागा समाजाच्या प्रतिनिधींशी त्यांच्या पूर्वजांच्या अवशेषांबद्दल संवाद चालू आहे.

ॲशमोलियनमध्ये आलेली वैष्णव संत तिरुमंगै आळ्वारांची कांस्यमूर्ती याहून थेट उदाहरण आहे. सोळाव्या शतकातली ही मूर्ती संग्रहालयाने 1967 साली लंडनच्या लिलावात विकत घेतली होती. 1957 साली ती तमिळनाडूतल्या कुंभकोणमजवळच्या मंदिरात होती, हे पाँडिचेरीतल्या फ्रेंच संशोधनसंस्थेच्या संग्रहातल्या एका जुन्या छायाचित्रावरून एका स्वतंत्र अभ्यासकाने 2019 साली दाखवून दिले. संग्रहालयाने स्वतःहून भारतीय उच्चायुक्तालयाला कळवले आणि 2024 साली विद्यापीठाच्या परिषदेने मूर्ती परत करण्याच्या दाव्याला पाठिंबा दिला. इथे छायाचित्र निर्णायक ठरले, हे खरे. पण ते ज्या मूर्तीशी ताडून पाहायचे, ती मूर्ती समोर होती आणि ती कुठून, कधी, कशी आली याची नोंद विद्यापीठाकडे होती. डोडोच्या कवटीला ‘तू कशी मेलीस’ असे विचारणारी शिस्त आणि मूर्तीला ‘तू इथे कशी आलीस’ असे विचारणारी शिस्त एकच आहे. पहिला प्रश्न विचारणाऱ्या संस्थेला दुसरा टाळण्याचा नैतिक अधिकार राहत नाही. म्हणून बहिष्कारापेक्षा जाणत्या प्रेक्षकाची हजेरी अधिक उपयोगाची वाटते. भारतातून आलेल्या प्रत्येक वस्तूखालची पाटी वाचावी, संपादनाचे वर्ष आणि मार्ग पाहावा, तो दिलेला नसेल तर संग्रहालयाला लेखी विचारावे. तो प्रेक्षक म्हणून आपला हक्कच आहे.

प्रत्यक्ष भेटीत म्हणूनच सगळे पाहण्याचा हट्ट सोडावा. निघण्यापूर्वी वेळापत्रक तपासून घ्यावे, सकाळी पार्क्स रोडवर डोडो, जबडा आणि खांब पाहून मागच्या पिट रिव्हर्समध्ये जावे, दुपारी ब्रॉड स्ट्रीटवरचा फळा आणि मग ॲशमोलियन असा क्रम पायी सहज जमतो. ॲशमोलियनमध्ये ट्रेडस्कँट संग्रहातला ‘पोहाटनचा अंगरखा’ चुकवू नये. हरणाच्या चार कातड्यांवर शंखांची नक्षी शिवलेली ही अमेरिकन आदिवासींची वस्तू 1656 च्या यादीत व्हर्जिनियाचा राजा पोहाटन याचा पोशाख म्हणून नोंदली आहे. तो पोशाख होता की भिंतीवर टांगायचा पट, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. प्रत्येक ठिकाणी चार-दोन वस्तूंसमोर थांबून तीन प्रश्न स्वतःला विचारावेत: हिच्याबद्दल आधी काय मानत होते, ते कशाने बदलले, आणि ही इथे आली कशी? जे विद्यापीठ या तिन्ही प्रश्नांना आपल्या दालनांत जागा देते, ते आपल्या चुकाही शिकवण्याचा भाग मानते. आपल्याकडच्या विद्यापीठांच्या संग्रहांकडूनही हीच अपेक्षा करण्याची सवय पर्यटकाने तिथून घेऊन यावी. ती अपेक्षा करणारे लोक वाढले, तरच कपाटांतल्या वस्तू पुराव्याच्या योग्यतेने सांभाळल्या जातील.