कैद्याचं लिहिणं, पत्रकाराचं विचारणं

"जेलात गेलल्याक कसलो हक्क?" कुणाच्या तरी अटकेची बातमी निघाली की ओरोसच्या कोर्टाबाहेर, कणकवलीच्या एसटी स्टँडवर, मालवणच्या मासळी लिलावात हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्याला उत्तर नको असतं. कैद्याचं बोलणं-लिहिणं संपलं आणि पत्रकाराने फाटकाबाहेर उभं राहून पोलीस सांगतील तेवढं टिपून घ्यायचं, हे त्याच्या लेखी ठरलेलंच असतं. कायदा असं म्हणत नाही. तो तसं म्हणत नाही यात मुंबईच्या एका स्थानबद्धाचा आणि महाराष्ट्रातल्या एका पत्रकार बाईंचा मोठा वाटा आहे. म्हणून आपल्या वाचकांना तरी हे माहीत असायला हवं.

"शिक्षा झाली, हक्क संपले"

मुळात आत असलेल्या बहुतेकांना शिक्षा झालेलीच नसते. 2022 च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदी, म्हणजे खटला चालू असलेले किंवा सुरू व्हायची वाट पाहणारे होते. आणि शिक्षा झालेल्याचंही काय? 1974 मध्ये आंध्रातल्या नक्षलवादी कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दोषी ठरल्यामुळे माणसाचे सगळे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत. 1978 मध्ये सुनील बात्रा प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी तेच आणखी ठामपणे मांडलं. मोकळं फिरण्याचा हक्क जातो, मतदान करता येत नाही, मुलाखतीच्या वेळा आणि पत्रांची संख्या ठरवून दिली जाते. तुरुंगवासामुळे जे अपरिहार्यपणे जातं ते जातं, बाकीचं माणसापाशी राहतं.

"आत लिहिलेलं बाहेर नेता येत नाही"

या समजुतीवर जरा थांबायला हवं, कारण मराठी साहित्यातली काही थोर पुस्तकं तुरुंगात जन्मली आहेत. टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेत 1910-11 च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलं. साने गुरुजींनी 'श्यामची आई' 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पण टिळकांच्या वह्या सुटकेनंतर परत मिळाल्या त्या सरकारने दिल्या म्हणून. दिल्या नसत्या, तर मागायला त्यांच्या हाती कायद्याचा कोणता आधार होता?

तो आधार पुढे मिळाला प्रभाकर संझगिरी यांच्या खटल्यात. संझगिरी कामगार चळवळीतले कम्युनिस्ट नेते. चीन युद्धानंतरच्या आणीबाणीत त्यांना भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध केलं होतं. आत बसून त्यांनी मराठीत 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानाचं पुस्तक लिहिलं, तेही सरकारची परवानगी घेऊन. लिहून झाल्यावर हस्तलिखित पत्नीकडे पाठवून छापायचं, एवढीच त्यांची मागणी होती. सरकारने नकार दिला. उच्च न्यायालयाने पुस्तकाचा आशय पाहिला. त्यात निव्वळ विज्ञान आहे, देशाच्या संरक्षणाला त्याने धक्का लागण्याचं काही कारण नाही असं म्हणत हस्तलिखित पत्नीच्या हवाली करायला सांगितलं. महाराष्ट्र सरकार याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. अणूची रचना समजावून सांगणाऱ्या मराठी पुस्तकासाठी!

सरकारचं म्हणणं असं, की स्थानबद्धाला कोणकोणत्या सवलती द्यायच्या हे नियमांत लिहिलेलं आहे. पुस्तक छापण्याची सवलत त्यात नाही, म्हणून ती मिळणार नाही. न्या. सुब्बा राव यांनी हा विचारच उलटा केला. नियमांत असतात ती बंधनं. जे बंधन नियमांत लिहिलेलं नाही ते तुरुंगाधिकाऱ्याला मनाने घालता येणार नाही. सरकारचं अपील फेटाळलं गेलं, तेही आणीबाणी लागू असताना आणि स्थानबद्धांना घटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जीवित-स्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद असताना. साठ वर्षं झाली, तरी कैद्यांच्या अभिव्यक्तीचा प्रश्न निघाला की आजही हा निकाल पुढे ठेवला जातो. मला तो त्या काळातल्या सगळ्यात धीट निकालांपैकी एक वाटतो.

म्हणून नकार थांबले असं मात्र झालं नाही. तळोजा कारागृहात असलेले मानवाधिकार कार्यकर्ते गौतम नवलखा यांना घरच्यांनी पाठवलेलं पी. जी. वुडहाउस यांचं विनोदी पुस्तक सुरक्षेला धोका म्हणून नाकारलं गेलं. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर तुरुंग प्रशासनाला सुनावलं.

पुस्तकाचं जे, तेच आत्मकथनाचं. तमिळनाडूत फाशीची शिक्षा झालेल्या 'ऑटो' शंकरच्या आत्मकथेत अधिकाऱ्यांची नावं येणार म्हणून ती छापण्याआधीच रोखण्याची धडपड झाली. असं आगाऊ रोखता येणार नाही, बदनामी झाली असं वाटलं तर छापून आल्यावर दावा करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये सांगितलं.

पत्रं तपासली जातात, हे मात्र खरं. कायद्याने ते चालतं. आपल्या किनारपट्टीचे खासदार मधू दंडवते 1975 च्या आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात होते आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. दोघांमधलं बोलणं होतं ते पत्रांतून, आणि तीही अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जाणारी. तपासणं आणि अडवून ठेवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अडवायचं तर त्याला नियमातलं कारण लागतं. वकिलाशी बोलण्याची गोष्ट आणखी वेगळी. कच्च्या कैद्याला आपल्या वकिलाशी तिसऱ्या माणसाच्या उपस्थितीविना बोलू द्यावं, ही तरतूद 1894 च्या कारागृह कायद्यातच आहे.

"पत्रकाराला आत सोडतच नाहीत" आणि "पत्रकाराला कुणी अडवू शकत नाही"

पहिली समजूत लोकांची, दुसरी काही उत्साही बातमीदारांची. दोन्ही अर्ध्यामुर्ध्याच खऱ्या.

1981 मध्ये 'हिंदुस्तान टाइम्स'च्या प्रभा दत्त यांना तिहारमध्ये फाशीच्या प्रतीक्षेत असलेल्या बिल्ला आणि रंगा यांची मुलाखत घ्यायची होती. परवानगी मिळेना, म्हणून त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी दोन्ही बाजूंना समज दिली. वृत्तपत्राला मुलाखतीचा अनिर्बंध हक्क नाही. कैद्याची इच्छा नसेल तर विषयच संपला. पण कैदी तयार असेल, तर भक्कम कारणाशिवाय नाही म्हणता येणार नाही, आणि ते कारण लेखी नोंदवावं लागेल. ही लेखी कारणाची अट मला सगळ्यात मोलाची वाटते. तोंडी नकाराला आव्हान देता येत नाही, कागदावरच्या नकाराला देता येतं.

दुसरं प्रकरण महाराष्ट्रातल्या पत्रकार शीला बारसे यांचं. 1982 मध्ये त्यांना मुंबई, येरवडा आणि कोल्हापूरच्या तुरुंगांत स्त्री कैद्यांशी बोलायची परवानगी मिळाली. त्या ध्वनिमुद्रण करू लागल्या आणि परवानगी काढून घेतली गेली. 1987 च्या निकालात न्यायालयाने बारसे यांचं सगळं म्हणणं मान्य केलं नाही. कैद्याची संमती हवी, ध्वनिमुद्रणाला वेगळी परवानगी हवी, आणि तुरुंगाच्या नियमांत राहूनच बोलता येईल. पण तुरुंगात काय चाललंय हे जाणून घेण्यात समाजाचं हित आहे आणि त्यासाठी बाहेरच्या लोकांना नियंत्रित प्रवेश असला पाहिजे, हेही न्यायालयाने मान्य केलं.

2015 मध्ये निर्भया प्रकरणातल्या कैद्याच्या तिहारमधल्या मुलाखतीवरून 'इंडियाज डॉटर' या माहितीपटाचं वादळ उठलं. त्यानंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की पत्रकार, संशोधक आणि चित्रपटकारांना सर्वसाधारणपणे तुरुंगात सोडू नये. सोडलंच तर एक लाख रुपये अनामत घ्यावी. पुष्कळांना हाच कायदा वाटतो. हा कायदा नाही, सल्ला आहे. तुरुंग हा राज्यांचा विषय. आणि एक लाखाची अट जिल्ह्याच्या साप्ताहिकाला किंवा गावातल्या मुक्त पत्रकाराला दार बंद करण्यासारखीच आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं.

"आतल्या बातमीने फक्त गुन्हेगारांचं भलं होतं"

1979 मध्ये बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांविषयी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये छापून आलं. गुन्ह्याला असलेल्या शिक्षेपेक्षा जास्त काळ काही जण आत होते. त्यातून हुसैनारा खातून खटला उभा राहिला आणि जलद सुनावणीचा हक्क मान्य झाला. शीला बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना मुंबईच्या तुरुंगात स्त्रियांशी बोलायला पाठवलं. बारसे स्वतः ज्या पंधरा स्त्रियांशी बोलल्या होत्या त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठडी, तिथे स्त्री पोलीस, चौकशीला स्त्री अधिकारी, हे 1983 चे आदेश त्यातून आले. उद्या मालवणच्या किंवा वेंगुर्ल्याच्या पोलीस ठाण्यात एखाद्या बाईला बसवून ठेवलं, तर तिच्या पाठीशी हेच आदेश उभे राहतात.

अगदी अलीकडचं उदाहरण मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांचं. तुरुंगांत जातीवरून कामं वाटली जातात, झाडू एका जातीच्या हाती आणि स्वयंपाक दुसरीच्या, असं त्यांनी आधी बातमीत लिहिलं आणि मग याचिकेत. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम रद्द केले आणि तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला. निकाल देणारे सरन्यायाधीश होते धनंजय चंद्रचूड, प्रभा दत्त यांना दाद देणाऱ्या यशवंतरावांचे चिरंजीव.

हे फक्त आपल्याकडचं नाही. इंग्लंडमध्ये पत्रकारांकडून "यातलं काही छापणार नाही" असं लिहून घेतल्याशिवाय कैद्यांना भेटू देत नसत. आपण निर्दोष आहोत असं सांगणाऱ्या दोन जन्मठेपेच्या कैद्यांनी त्याला आव्हान दिलं आणि 1999 मध्ये ही सरसकट बंदी बेकायदा ठरली. त्यांतल्या मायकल ओब्रायन यांची शिक्षा त्याच वर्षी रद्द झाली. अकरा वर्षं ते विनाकारण आत होते.

सिंधुदुर्गात करायचं काय

मुलाखत हवी असेल, तर आधी कैद्याची संमती वकिलामार्फत लेखी घ्यावी. मग अधीक्षकांकडे किंवा पुण्यातल्या कारागृह महानिरीक्षकांच्या कार्यालयाकडे अर्ज करावा, त्यात विषय आणि ध्वनिमुद्रण करायचं की नाही हे लिहावं, आणि पोच घ्यावी. तुरुंगातली माहिती मिळवायला आत जावंच लागतं असं नाही. कैद्यांची संख्या, डॉक्टरांच्या भेटी, रिकामी पदं हे माहिती अधिकारात मागता येतं, आणि कैदी स्वतःही नागरिक म्हणून असा अर्ज करू शकतो. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांत उत्तर द्यावं लागतं.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसलेली घरं देवगड-मालवणच्या वाड्यांत आहेत. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा कायद्याच्या कलम 12 नुसार मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. ओरोसच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं. आणि लिखाण अडवलं, पत्र दाबलं किंवा मुलाखत नाकारली, तर उच्च न्यायालयासाठी आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट 2025 पासून सिंधुदुर्गसाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. तिथे जाताना सोबत हवा तो अधीक्षकांचा लेखी नकार. ते तो देत नसतील, तर नकार मागणाऱ्या अर्जाची पोच तरी हवीच.